मुक्याची संमति

आमच्या घरीं दोन वर्षांची एक कुत्री आहे. तिचें निर्बीजीकरण करावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला तेव्हां तो केवळ पशुवैद्याचा वाटला होता. विचार करूं लागतांच तो नीतीचा आहे असें ध्यानांत आलें.

शस्त्रक्रियेच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येईल. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा. एका वेतांत पांच-सहा पिल्लें सहज होतात आणि त्या सर्वांस घर मिळत नाहीं. उतारवयांत गर्भाशयांत पू होण्याचा जीवघेणा विकारही या शस्त्रक्रियेनें टळतो. मात्र ती केव्हां करावी, हें पशुवैद्यानें जात व वय पाहून ठरवावें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, लहान वयांत शस्त्रक्रिया झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले.

यावर आक्षेप येतो, निसर्गक्रमांत हात घालण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? आक्षेप खोटा नाहीं, पण तो फार उशिरां आला. ज्या दिवशीं गळ्यांत पट्टा बांधला आणि फाटक लावून घेतलें, त्याच दिवशीं तो अधिकार आम्हीं बळकावला. माजावर आलेल्या कुत्रीला वर्षांतून दोनदां खोलींत कोंडावें आणि आपण निसर्ग राखला असें म्हणावें, यांत निसर्गही नाहीं आणि दयाही नाहीं. समाजापुढेंही असाच पेंच होता. १८३२ सालीं मुंबईंत मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगा झाला. त्यांत पारशी मंडळी पुढें होती. २००१ च्या केंद्रीय नियमांनीं मारण्याऐवजीं निर्बीजीकरण व लसीकरण ही वाट धरली.

मग माझें मन अडखळतें कोठें? ‘तिच्याच हितासाठीं’ या शब्दांपाशीं. हित आहे, पण त्याच्या आड आमची सोयही आहे. दाराशीं कुत्र्यांची झुंबड नको, पिल्लांची यातायात नको. सोय पाहणें हें पाप नव्हे. तिला परोपकार म्हणणें हें मात्र असत्य. आईबाप मुलाविषयीं निर्णय घेतात, पण मूल मोठें होऊन त्यांना एक दिवस जाब विचारूं शकतें. कुत्री कधींच विचारणार नाहीं. म्हणूनच जाब आपला आपण द्यावयाचा.

आम्हीं शस्त्रक्रिया करण्याचें ठरविलें आहे. तिची संमति मिळालेली नाहीं, मिळणारही नाहीं. तिचें मातृत्व आमच्या शब्दावर जाणार. तेव्हां ती म्हातारी होईल, आंधळी होईल, रात्रभर कण्हेल, त्या वेळीं ‘आतां ही नको’ असें म्हणण्याचा हक्क आम्हांस उरलेला नाहीं, एवढें घरांतल्या प्रत्येकानें समजून असावें.