चिवडा बाद झाला, पण हरलं कोण?

कुत्रा स्पर्धेत हरू शकतो का? प्रश्न पोरकट वाटेल. पण गेली तीन वर्षं मी रविवारची झोप मोडून इंग्लंडातल्या ओल्या मैदानांवर एका कुत्र्यासोबत धावते आहे आणि या प्रश्नाने मला चांगलंच छळलं आहे. तेव्हा थोडं मागून सुरू करते.

१९७८ साली दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, पण मला त्या कायम जोडीने आठवतात. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात ‘क्रफ्ट्स’ हा प्रसिद्ध डॉग शो भरला होता. मधल्या वेळात प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून आयोजकांपैकी जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या शो-जंपिंगच्या धर्तीवर कुत्र्यांना अडथळ्यांवरून पळवायचं ठरवलं. पीटर मीनवेल या प्रशिक्षकाने त्यांना मदत केली. लोकांना तो प्रकार इतका आवडला, की १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यताच दिली. हीच डॉग अ‍ॅजिलिटी.

त्याच वर्षी कॅनडात शिकवणाऱ्या बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाचं ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक आलं. ‘खेळ’ या शब्दाची नेमकी व्याख्या होऊच शकत नाही, असं मानण्याचा तो काळ. सूट्सनी ती केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्यांची काहीही गरज नाही असे अडथळे स्वखुशीने स्वतःसमोर उभे करायचे आणि ते पार करायचे, म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकता येतो. तसं न करता लांबून काठीने मारत बसायचं, आणि हे सगळं खेळ व्हावा म्हणून आपणहून मान्य करायचं.

आता अ‍ॅजिलिटीकडे बघा. अडथळे आहेत, गरज कुणालाच नाही, इथवर सगळं जमतं. घोडं अडतं ते ‘स्वखुशीने’ आणि ‘मान्य करायचं’ या दोन शब्दांपाशी. मी नियम मान्य केले, फी भरली, अर्जावर सही केली. कुत्र्याने काय मान्य केलं?

रिंगणात काय होतं

ज्यांनी हा प्रकार रील्समध्येच पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगते. मैदानात पंधरा-वीस अडथळे मांडलेले असतात. उड्या, बोगदे, उंच अरुंद फळी, ए-फ्रेम नावाचा चढउतार, सी-सॉ, आणि ओळीत रोवलेल्या काठ्या. या काठ्यांमधून कुत्र्याने नागमोडी जायचं, तेही पहिली काठी त्याच्या डाव्या खांद्याला येईल अशीच सुरुवात करून. काही अडथळ्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, तिथे पंजा लागलाच पाहिजे. आडवी दांडी पाडली तर पाच गुणांचा दंड. चुकीचा अडथळा घेतला तर थेट बाद.

मांडणी दर वेळी वेगळी. माणसाला ती आधी काही मिनिटं चालून पाहता येते, कुत्र्याशिवाय. त्यामुळे सकाळी सकाळी वीस-पंचवीस मोठी माणसं रिकाम्या मैदानात हातवारे करत, अदृश्य कुत्र्यांना वळणं दाखवत फिरताना दिसतात. आईला मी एकदा व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं. सांगलीहून आवाज आला, “अगं, बरे आहेत ना गं हे सगळे?”

मग कुत्रा येतो आणि खेळाचा सगळ्यात विलक्षण नियम लागू होतो. पट्टा काढायचा. हातात खाऊ नाही, खेळणं नाही. कुत्र्याला हात लावायचा नाही. तुमच्याकडे उरतो तो आवाज आणि तुमचं शरीर.

खोडी कुणाची?

माझ्या कुत्र्याचं नाव चिवडा. तो एका आश्रयगृहातून आला. त्याच्यात कोणकोणत्या जाती मिसळल्यात याचा हिशेब लागत नाही, म्हणून चिवडा. (मिश्र जातीला कमी समजू नका. २०२४ साली न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोमध्ये अ‍ॅजिलिटीचं मुख्य विजेतेपद पहिल्यांदाच एका मिश्र जातीच्या कुत्रीने जिंकलं. नाव निंबल.)

चिवडा निंबल नाही. त्याची कारकीर्द सांगते. पहिल्या स्पर्धेत तो बोगद्यात शिरला आणि बाहेर आला नाही. दुसऱ्या टोकाला मी त्याला हाका मारत होते, तो आत बसून माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या स्पर्धेत सुरुवातीच्या चार उड्या अशा मारल्या की माझे डोळे भरून आले. मग तो जजकडे गेला, त्यांच्या बुटांचा सविस्तर वास घेतला आणि शेजारच्या तंबूतल्या आजींच्या डब्यातलं सँडविच पळवलं. तिसऱ्या वेळी उंच फळीच्या मधोमध उभा राहून त्याने आजूबाजूचं शेत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

लोक म्हणतात, खोडकर आहे. हा शब्द जरा तपासून बघू. खोडी काढायची तर नियम माहीत हवा. बाकाखाली फटाका ठेवणाऱ्या मुलाला ठाऊक असतं की हे चालत नाही, मजा तिथेच असते. चिवड्याला नियमच माहीत नसेल, तर तो खोडकर नाही. तो आपलं काम करतोय आणि माझा बेत त्याच्या वाटेत येतोय, इतकंच. हट्टी, वात्रट, व्रात्य, आगाऊ. यांतला प्रत्येक शब्द बेत फसलेल्याने बेत फसवणाऱ्याला दिलेला आहे. मुलांना, सुनांना, हाताखालच्या माणसांना हे शब्द किती सहज लागतात ते आठवून बघा.

शिवाय या खेळात शिकवतात की कुत्रा शब्दांआधी शरीर वाचतो. तुमचे खांदे कुठे वळले, पायाची बोटं कुठे रोखली आहेत, तुमचा वेग कुठे कमी झाला. तुम्ही ‘बोगदा’ म्हणता आणि पाय उडीकडे वळतात, तेव्हा उडी मारणारा कुत्रा आज्ञाच पाळत असतो. निकालपत्रात मात्र तो बाद ठरतो.

‘नाही’ म्हणायची सोय

मग त्याला तिथे न्यायचंच कशाला? माणसाच्या हौसेसाठी एका जिवाला राबवणं नाही का हे?

आक्षेप खरा आहे. कुत्रा जेवणासाठी आपल्यावर अवलंबून असतो. महिनोन्महिने खाऊ देऊन ज्याला शिकवलं त्याच्या ‘इच्छे’ला किती अर्थ द्यायचा? उड्यांचा सांध्यांवर भार पडतो. म्हणून तर दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याला ब्रिटनमध्ये स्पर्धेत उतरवता येत नाही. कुत्र्याला आवडतं हो, असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

विकी हर्न ही अमेरिकन कवयित्री कुत्रे आणि घोडे शिकवायची. ‘अ‍ॅडम्स टास्क’ या १९८६ च्या पुस्तकात तिने एक मुद्दा मांडला आहे. आज्ञा देण्याचा अधिकार आयता मिळत नाही, तो कमवावा लागतो. जो कुत्र्याचं ऐकत नाही त्याला कुत्र्याला आज्ञा देण्याचा हक्क नाही. हर्न काही मऊ बाई नव्हती, शिस्तीच्या बाबतीत कडकच होती. पण शिस्त दोन्ही बाजूंना बांधते, हे ती कधी विसरली नाही. डॉना हॅरवे ही विदुषी तर स्वतः कायेन नावाच्या कुत्रीसोबत अ‍ॅजिलिटी खेळायची. २००८ मध्ये आलेल्या ‘व्हेन स्पीशीज मीट’मध्ये तिने त्या रंगीत पट्ट्यांनाच, म्हणजे ‘कॉन्टॅक्ट झोन’ला, दोन जीव एकमेकांना भेटण्याची जागा मानून त्यावर लिहिलं आहे.

मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर त्या विलक्षण नियमात सापडतं. पट्टा नाही, खाऊ नाही, स्पर्श नाही. म्हणजे ऐन मोक्याच्या क्षणी माणसाकडची जबरदस्तीची बहुतेक साधनं काढून घेतलेली असतात. कुत्रा कधीही निघून जाऊ शकतो. चिवडा जातोच. पण म्हणूनच ज्या दिवशी तो सँडविचकडे एकदा बघतो आणि तरीही माझ्याकडे वळतो, त्या दिवशीच्या त्या वळण्याला किंमत येते. ज्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही त्याच्या ‘हो’वरून काहीच कळत नाही.

हे स्वातंत्र्य पूर्ण आहे असा माझा दावा नाही. ते तीस-चाळीस सेकंदांचं आहे आणि कुंपणाच्या आतलं आहे. पण माझ्या ऑफिसात माझी टीम मला ‘हो’ म्हणते तेव्हा त्यांच्या अप्रेझलवर माझी सही असते. त्यांचा ‘हो’ किती खरा, हे मी कसं ओळखू? चिवड्याच्या बाबतीत ही अडचण नाही.

पुढचा कुत्रा

मागच्या वर्षी एका अनुभवी स्पर्धकाने मला प्रेमानेच सांगितलं, “हा तुझा शिकण्याचा कुत्रा. आता एक बॉर्डर कॉलीचं पिल्लू घे. पुढच्या कुत्र्यासोबत तू खरी खेळशील.”

सल्ला व्यवहारी होता. कॉली वेगवान असतात, माणसाकडे लक्ष ठेवून असतात, अनेक मोठ्या स्पर्धा त्याच जिंकतात. आणि मला जिंकायला आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ‘शिकण्याचा कुत्रा’ हा शब्द कुसळासारखा रुतून बसला.

इमॅन्युएल कान्ट हा प्राण्यांचा कैवारी नव्हे. प्राण्यांप्रती आपलं थेट कर्तव्य नाही, असंच तो मानायचा. तरीही नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत त्याने एका कुत्र्याचं उदाहरण दिलं आहे : आयुष्यभर सेवा केलेला कुत्रा निकामी झाला म्हणून मालकाने त्याला गोळी घातली, तर मालक स्वतःतली माणुसकी जखमी करतो. मला कुणी गोळी घाल म्हणत नव्हतं. चिवडा घरीच राहिला असता, खाऊनपिऊन सुखी. फक्त तो माझ्या प्रगतीतली एक पायरी ठरला असता. मग प्रश्न उरतो, की मी मैदानात उतरते ती जिंकण्यासाठी, आणि कुत्रा त्याचं साधन? की चिवड्यासोबत काही करायचं म्हणून, आणि स्पर्धा त्याचं निमित्त? दोन्ही उत्तरं माणसं प्रामाणिकपणे देतात. दुसरा कुत्रा घेणाऱ्यांत कुत्र्यांवर जीव टाकणारे कितीतरी मी ओळखते. माझं उत्तर दुसरं निघालं, एवढंच. पिल्लू आलं नाही.

फजिती आणि अपमान

तर मग दर महिन्याला चारचौघांत हसं होतं, त्याचं काय?

मराठीत यासाठी एक फार कामाचा शब्द आहे, फजिती. अपमान कुणीतरी करावा लागतो, त्यामागे हेतू असतो. फजिती होते. अपमानात माणूस एकटा पडतो. फजितीत बघणारे हसतात आणि थोड्या वेळाने आपणही हसतो. २०१७ च्या क्रफ्ट्समधल्या ऑली या जॅक रसेलचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. उडीनंतर तोंडावर पडला, उठला आणि मनाला येईल तिकडे पळत सुटला. अख्खं सभागृह हसत होतं, पण कुणाचाही अपमान झाला नाही.

आपल्याकडे नामदेवांची गोष्ट सांगतात. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, “थांब, तूप तरी लावून घे!” लहानपणी मला ती भूतदयेची गोष्ट वाटायची. आता त्यातलं दृश्य दिसतं : भर रस्त्यात एक मोठा माणूस, हातात वाटी, पुढे कुत्रा, आणि बघणारे हसताहेत. आपण कसे दिसतो याचा हिशेब सुटल्याशिवाय असं धावता येत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना पहिलंच लक्षण येतं ते अमानित्व, आणि ज्ञानेश्वरांनीही त्याचं सविस्तर वर्णन केलं आहे.

मात्र नम्रतेत एक गोची आहे. ‘मी किती नम्र झाले’ अशी पोस्ट टाकली की ती संपली. गुरू, बॉस, आई कुणीही धडा शिकवायला लागलं तर आपण एक तर अकडतो किंवा ‘शिकलो’ म्हणून मिरवतो. चिवडा यातून सुटका करतो, कारण तो मला काहीही शिकवत नाहीये. त्याला सँडविच हवं आहे. माझा अहंकार त्याच्या खिजगणतीतही नाही, आणि जो अहंकार समोरच्याला दिसतच नाही तो फुगवून ठेवण्यात काय मजा?

निकालपत्र

या मैदानांवरची एक रीत मला फार आवडते. कुत्रा बाद झाला तरी शक्य असेल तर माणूस हसतमुखाने धाव पूर्ण करतो. रिंगणाबाहेर आल्यावर त्या कुत्र्याला तोच खाऊ मिळतो जो जिंकल्यावर मिळाला असता, तितक्याच कौतुकाने. कारण त्याला जे कळलं ते त्याने मनापासून केलं. जिंकण्याची इच्छा आपली होती, निराशाही आपली. ती त्याच्या पदरात टाकायची नाही.

ऐकायला सोपं आहे. करून बघा. पन्नास मैल गाडी चालवून, पावसात दोन तास थांबून, शेवटच्या उडीला सगळं गेल्यावर तोंडावरची नाराजी पुसायला पाच सेकंद असतात, आणि कुत्रा चेहरा लगेच वाचतो. मुलाच्या हातात मार्कशीट असते तेव्हा दारात उभ्या असलेल्या आईबापांकडेही तेवढाच वेळ असतो.

कुत्रा हरू शकत नाही, असं मला आता वाटतं. हरण्यासाठी आधी जिंकायचं असावं लागतं. निकालपत्रात दोघांची नावं असतात, पण हार माझ्या एकटीच्या वाट्याची आहे. ती मी गाडीत, परतीच्या वाटेवर, गाणी लावून सोसते. मागच्या सीटवर चिवडा घोरत असतो.

गेल्या महिन्यात आईने विचारलं, “काय गं, जिंकला का एकदाचा?”

“नाही आई. पण बोगद्यातून बाहेर आला.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. “त्याला तूप-पोळी दे.”