आधी कुणाला विचारायचं?

नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत आता साउंडबॉक्स दिसतो. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे पाठवले की किती रुपये जमा झाले ते तो मोठ्याने सांगतो. गर्दीत दुकानदाराला दर वेळी फोन बघावा लागू नये, म्हणून ही सोय झाली. पण दृष्टिहीन विक्रेत्यालाही तिच्यामुळे कुणावर विसंबून न राहता आपला गल्ला कळतो. कार्डाच्या यंत्रांत मात्र उलटं घडलं. बटणांच्या यंत्रावर पाचच्या आकड्यावर बारीकसा उंचवटा असतो. बोट तिथे टेकलं की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. नव्या यंत्राची गुळगुळीत काच आली आणि तो उंचवटा गेला. मग दृष्टिहीन गिऱ्हाइकाला आपला पिन दुसऱ्याला सांगावा लागतो.

शरीरातली उणीव आणि वस्तूच्या घडणीतला अडथळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला माणसाला दोनेकशे वर्षं लागली. इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री यांनी टंकलेखन यंत्र बनवलं, ते दृष्टी गमावलेल्या मैत्रिणीला स्वतःच्या हाताने पत्रं लिहिता यावीत म्हणून. त्या काळी पॅरिसच्या अंधशाळेत मुलं उठावाची रोमन अक्षरं चाचपत वाचत. ती डोळस माणसांनी ठरवलेली होती. डोळ्यांना ओळखीची, बोटांना जड. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल यांनी १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी रचली. ते स्वतः दृष्टिहीन होते, म्हणून त्यांनी बोटाच्या टोकापासून विचार केला. पुढे १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली आणि मराठी मुलांच्या हाती त्याच सहा टिंबांतून बाराखडी आली.

संगणकाच्या काळातही हेच दिसतं. रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये दृष्टिहीनांसाठी छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र आणलं. त्यासाठी घडवलेले स्कॅनर आणि अक्षर ओळखण्याचं तंत्र आज सगळ्यांच्याच कामाला येतं. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि तो सर्वांना फुकट दिला.

पण स्क्रीन रीडर पुढ्यात येईल तेवढंच वाचणार. मराठीतला कितीतरी मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टांत टाइप झालेला आहे. डोळ्यांना ती शुद्ध देवनागरी दिसते. आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच बडबडतो. शासन निर्णयाची झेरॉक्स स्कॅन करून पीडीएफ केली, तर त्याला काहीच ऐकवता येत नाही, कारण त्याच्या लेखी तो नुसता फोटो असतो. अंधांसाठीच्या योजनेचा जीआर अंधालाच वाचता येऊ नये, याचं खापर तंत्रज्ञानावर फोडता येणार नाही. कागद तयार करताना तो कोण वाचणार, हे कुणी विचारलेलंच नसतं.

ही बाब आता हक्काची झाली आहे. बँकेच्या डिजिटल केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवाव्या लागत. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ते शक्य नव्हतं. त्या पीडित आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

निकाल आला तरी तालुक्या-तालुक्यातला अर्ज आपोआप बदलत नाही. त्यासाठी काम सोपवण्याची रीत बदलायला हवी. कोणतंही ॲप किंवा ऑनलाइन अर्ज सुरू करण्याआधी तो दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हाताने अधू असलेल्या माणसांपुढे ठेवावा. त्यांना तो कुणाच्या मदतीशिवाय भरता येईपर्यंत कंत्राटदाराचं बिल मंजूर करू नये.