उंचवटा किती असावा?

गेल्या महिन्यात आमचे एक जुने विद्यार्थी सकाळीच घरी आले. रत्नागिरीतील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या भजनसंघात ते गातात. मंडळीने गायकांकरिता तयार व्यासपीठ विकत घेण्याचे योजिले असून, १, २ व ३ फूट या तीन उंचींपैकी कोणती पसंत करावी, याविषयी त्यांस आमचे मत हवे होते. प्राध्यापकास सर्वच विषय कळतात असा समज अद्यापि काही घरांतून टिकून आहे. तो आम्ही त्या दिवशी मोडला नाही. परंतु विचार करू लागताच हा प्रश्न सुताराचा कमी आणि नीतीचा अधिक आहे, हे आमच्या ध्यानात आले. उपासनेच्या जागी एका मनुष्याने इतरांहून किती उंच उभे राहावे, हा तो प्रश्न होय.

उंचवट्याचा पक्ष अगदीच लटका नाही. सर्वांनी मिळून गावयाचे तर पद उचलणारा सर्वांना दिसला पाहिजे. मागे बसलेल्या वृद्धेस त्याचे ओठ दिसले म्हणजे शब्दही लवकर उमगतात. परंतु ही गरज मापता येते. खुर्चीवर बसलेल्या मनुष्याचे डोळे भुईपासून सुमारे ४ फुटांवर असतात आणि उभ्या गायकाचा चेहरा सुमारे ५ फुटांवर. त्यास आणखी १ फूट उचलला, की लहान दालनातील शेवटच्या रांगेचेही काम भागते. त्यापुढील २ फूट डोळ्यांकरिता नसून दुसऱ्याच कशाकरिता तरी असतात. त्या दुसऱ्या वस्तूचे नाव गायकाने स्वतःशीच उच्चारावे.

आपल्या परंपरेने हे माप पूर्वीच ओळखले होते. नारदीय कीर्तनात बुवा उभे असतात व श्रोते जमिनीवर बसतात. एवढ्या अंतराने बुवा सर्वांना दिसतात. पंढरीच्या वाळवंटातील कीर्तनास तर वाळूच पुरते. आणि कीर्तनपरंपरेत ज्यांना आद्य मान दिला जातो, त्या नामदेवांची आठवण पंढरपूरच्या महाद्वारी पायरीच्या रूपाने राहिली आहे. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, या इच्छेने त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. कीर्तनाच्या अग्रणीने उंचवट्यावर उभे न राहता स्वतःच इतरांचा उंचवटा व्हावे, याहून थोर धडा गायकास कोण देणार?

ख्रिस्ती मंडळीस हा धडा परका वाटण्याचे कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे याच जिल्ह्यातील करजगावचे. त्यांचा जन्म १८६१ सालचा. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी ओवी-अभंगांची संगत सोडली नाही, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेस आपल्या घरचे गाणे दिले. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी बंधुभावाने एकत्र यावे, असा त्यांचा हेतू होता. अशा दरबारात उच्चासन एकच असते, आणि ते गायकाचे नव्हे.

राहिला तयार मालाचा प्रश्न. मंडळीतील काही वडीलधाऱ्यांस तो मांडववाल्याचा थाट वाटतो. त्यांना पक्का चिरेबंदी ओटा हवा आहे. आमचे मत उलट आहे. ओटा एकदा बांधला की तो हक्क होतो. तो का बांधला हे पुढच्या पिढीस आठवत नाही, त्यावर कोणी बसावे एवढेच आठवते. घडीचे व्यासपीठ काम संपताच मिटवावे लागते. मिटवता येणारी उंची हीच आमच्या मते निर्दोष उंची. मात्र ते पारखून घ्यावे. ८ फूट बाय ४ फुटांच्या प्लायवुडच्या फळ्या कोकणच्या पावसाळ्यात फुगतात, तेव्हा त्या ओल न धरणाऱ्या असाव्यात. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यास लोखंडी बोल्ट असले तर समुद्राच्या खाऱ्या हवेत सांध्यापाशीच झीज लागते. पोकळ फळीवर ठेका धरला की तीच ढोलकीसारखी घुमू लागते, म्हणून वर जाड सतरंजी अंथरावी. आणि पैसे देण्यापूर्वी चार जणांनी तीवर उभे राहून ताल धरून पाहावा.

ही चर्चा येथेच संपली असती, परंतु उठता उठता विद्यार्थी म्हणाले, “सर, आमचे पेटीवाले आजोबा आहेत. त्यांचे गुडघे गेले आहेत. ३ फुटांचे घेतले तर ते वर यायचे नाहीत.” तो सारा वेळ आम्ही डोळ्यांची उंची मोजीत होतो, गुडघ्यांची मोजलीच नव्हती. ३ फुटांस सहा पायऱ्या लागतात, १ फुटास दोन, आणि सोबत धरावयास एक कठडा पुरतो. जो उंचवटा आपल्याच सोबत्यास खाली सोडतो, तो कितीही मजबूत असला तरी डळमळीतच होय.

हे लिहिताना आमच्या वर्गातील व्यासपीठ आठवते. त्यावर आम्ही सुमारे तीस वर्षे उभे राहिलो. एकदा वीज गेली म्हणून खिडकीच्या उजेडाकडे, बाकांमध्ये जाऊन शिकवावे लागले. त्या तासास जितक्या शंका विचारल्या गेल्या, तितक्या त्या वर्षी कधी आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी वीज आली आणि आम्ही पुन्हा वर चढलो. म्हणून १ फुटाचा सल्ला आम्ही दिला, तो अधिकाराने नव्हे. त्यास एक पुस्तीही जोडली: ज्यांनी वर उभे राहावयाचे, त्यांनीच दर रविवारी ते मांडावे आणि त्यांनीच ते उचलून ठेवावे.