शिकारीपूर्वीचा हिशेब

कॅनडाच्या उत्तरेकडील युकॉन प्रदेशात बायसन हा आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद आढळतो. मोठ्या नराचे वजन 900 किलोपर्यंत भरते. तेथून नामशेष झालेला हा प्राणी 1988 ते 1992 या काळात माणसानेच पुन्हा आणून सोडला. कळप वाढले, आणि 1998 पासून परवान्याने शिकार सुरू झाली. ज्याला जगविले त्यालाच मारावयाचे! आमच्या मनातील पहिला उद्गार हाच.

परंतु पहिल्या शिकारीस निघणाऱ्याच्या तयारीत बंदुकीपेक्षा नंतरचाच विचार अधिक असतो. कडाक्याच्या थंडीत एवढे धूड फाडावयाचे कसे? शेकडो किलो मांस बर्फावरून घसरगाडीने रस्त्यापर्यंत ओढावयाचे कसे? खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे तेथे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून जाणता शिकारी टप्प्यात आलेले जनावरही सोडून देतो. मारणे अवघड म्हणून नव्हे, वाहून आणणे अशक्य म्हणून.

एवढ्याने हत्या निर्दोष ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. शिकाऱ्याचा हिशेब चोख होता, याचे मेलेल्या जनावरास काय सुख? पण त्यास दोष देताना आमची जीभ अडखळते. आमच्या वहाणांचे चामडे कोणीतरी सोलले आहे. कागदावर ‘नामंजूर’ असा शेरा आम्ही क्षणात लिहितो. त्याचे ओझे वाहणारा दुसराच असतो. जे ओझे आपल्याच्याने वाहवणार नाही, ते निर्माण करू नये, एवढा धडा तरी त्या बर्फातील शिकाऱ्याकडून आम्ही घ्यावा.