नाईलचा पूर आणि सत्याचे पीस



नित्याच्या पूजेत कलशातील पाण्यात आपण सात नद्यांना आवाहन करतो. गंगेपासून कावेरीपर्यंतच्या त्या साऱ्या नद्या प्रत्येकाने पाहिलेल्या असतात असे नाही. तरी तांब्याभर पाण्यात त्या येतात, ही आपली श्रद्धा. आज जिचे चिंतन करावयाचे ती नदी या सातांत नाही. ती दूर आफ्रिका खंडात आहे. परंतु नदीला दैवत मानले म्हणजे माणसावर कोणते बंधन येते, हे समजून घ्यावयाचे तर प्राचीन इजिप्तच्या नाईल नदीकडे वळावे लागते.

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. दोन्ही अंगांना वाळवंट, आणि मधून सुमारे ६,६५० किलोमीटरांची वाट चालत आलेली ही एकच नदी. तिचे दोन मुख्य प्रवाह. श्वेत नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून येते व बारमाही संथ वाहते. नील नाईल इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातून येते, आणि खार्टुमपाशी दोघींचा संगम होतो. पूर आणणारी मुख्यतः ही दुसरी. इथिओपियाच्या डोंगरांवर पाऊस पडतो तो आपल्या पावसाळ्याच्याच महिन्यांत. १८७७ साली दक्षिणेत भीषण दुष्काळ चालू असता नाईलचा पूरही विलक्षण खाली राहिला होता. पर्जन्याच्या बाबतीत दोन्ही देशांचे दैव पुष्कळसे एकत्र बांधलेले आहे.

आता तिकडील शेतकऱ्याची स्थिती मनात आणा. आकाश निरभ्र, ऊन रखरखीत, भूमी भेगाळलेली. ढगाचा ठिपका नाही, आणि तरीही नदी चढू लागते! कोठे पाऊस पडला हे त्याने कधी पाहिलेले नाही. उतरताना ती काळाभोर गाळ मागे ठेवून जाते आणि त्या गाळात पीक उभे राहते. यास देवाची कृपा म्हणू नये तर काय म्हणावे? आपल्या देशाला ते ‘काळी भूमी’ म्हणत. पलीकडचे वाळवंट ती ‘तांबडी भूमी’. त्यांचे ऋतू तीन: पुराचा, पेरणी-उगवणीचा आणि कापणीचा. व्याधाचा तारा सुमारे सत्तर दिवस अदृश्य राहून पहाटे पूर्वेला पुन्हा दिसे, त्याच सुमारास पूर येई. तेच त्यांचे नववर्ष. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस, असे त्यांचे ३६५ दिवसांचे वर्ष होते.

त्यांची दैवते याच पाण्यातून व चिखलातून घडली. नदीला ते नुसते ‘नदी’ म्हणत. देव होता तो पुराचा. त्याचे नाव हापी. मूर्तीत तो पुरुष, पण स्तन लोंबणारे, पोट सुटलेले, वर्ण निळा किंवा हिरवा. पोसणारा तो बाप आणि आई दोन्ही असला पाहिजे, हा त्यातला भाव असावा. मेंढ्याच्या मस्तकाचा देव ख्नूम तर कुंभार. तो चाकावर मातीची माणसे घडवी. गोरोबांना आपले म्हणणाऱ्या समाजाला ही कल्पना चटकन समजेल. ओसायरिस हा मारला गेलेला आणि पुन्हा उठलेला देव. पूर ओसरताना त्याच्या आकृतीत माती भरून तीत धान्य पेरीत व अंकुर फुटण्याची वाट पाहत. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही अशी अंकुरलेली आकृती निघाली. नवरात्रात घटाखालच्या मातीत धान्य पेरणाऱ्या घरांना हे परके वाटू नये. मात्र एवढ्यावरून ते इकडून तिकडे गेले किंवा तिकडून इकडे आले, असे म्हणण्याची घाई नको. माती आणि बी जेथे आहे तेथे माणसाला हे सुचू शकते.

परंतु हा देव मोजून देणारा नव्हता. पुराची उंची पाहण्यासाठी नदीकाठी पायऱ्यांवर खुणा केलेल्या असत. रोमन लेखक प्लिनी याने नोंदविले आहे की बारा हात पाणी चढले तर दुष्काळ, सोळा हात चढले तर आनंद. चार हातांवर राष्ट्राचे जीवित! फार चढले तर गावे वाहून जात. इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमारास पूर वारंवार खाली राहिले. पिरॅमिड बांधणारे ते बलाढ्य राज्य मोडले, त्याच्या कारणांत हेही एक मानले जाते. त्या मोडतोडीच्या काळातील अंख्तिफी नावाच्या सरदाराच्या थडग्यात लेख आहे. त्यात तो सांगतो की भुकेने लोक पोटची मुले खाऊ लागले, पण माझ्या प्रांतात मी कोणाला भुकेने मरू दिले नाही. स्वतःची थोरवी गाणारा लेख आहे, तेव्हा अतिशयोक्ती धरूनच चालावे. तथापि थोरवी कशात मानली जात होती, हे त्यातून दिसतेच.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पुराचे पाणी बांधांनी वेढलेल्या मोठाल्या वाफ्यांत घेत, महिना-दीड महिना मुरवीत आणि मग खालच्या वाफ्याकडे सोडीत. वरच्याने बांध उघडला तरच खालच्याच्या मुखात घास. आणि येथेच मनुष्याची परीक्षा. मृत्यूनंतर जीवाचे हृदय तराजूत घालून दुसऱ्या पारड्यात सत्यदेवता ‘मात’ हिचे पीस ठेवतात, अशी त्यांची श्रद्धा होती. बेचाळीस देवांपुढे मृताला सांगावे लागे की मी अमुक पाप केले नाही. हत्या केली नाही, मापात खोट केली नाही, देवाचा नैवेद्य पळविला नाही. आणि त्याच यादीत, वेळेवर सुटावयाचे पाणी मी अडविले नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही.

सज्जनहो, येथे क्षणभर थांबा. पाणी अडविणे हा त्यांना शेजाऱ्यांतला तंटा वाटला नाही. तो हत्येच्या पंक्तीला बसविला, आणि त्याचा जाब परलोकात ठेवला. आपल्याकडेही पाटाच्या पाण्याची पाळी रात्री गुपचूप आपल्या शेताकडे वळविणारा, सकाळी त्याच पाटावर स्नान करून अर्घ्य देतो. नदीला वाहिलेली फुले त्याच्या पारड्यात पडतील काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. इजिप्तच्या माणसाला तो मरताना विचारला जाई.

ती जुनी उपासना मावळली. फिले बेटावरील मंदिरात इसवी सन ३९४ मध्ये त्यांच्या चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख कोरला गेला. आस्वानचे मोठे धरण १९६० ते १९७० या काळात उभे राहिले आणि नाईलचा वार्षिक पूर थांबला. त्याने दुष्काळाचे भय हटविले, वीज दिली, हे कबूल केलेच पाहिजे. पण गाळ धरणामागे राहिला, शेताला रासायनिक खते आली, आणि समुद्र किनारा खाऊ लागला. पुढे २०११ मध्ये इथिओपियाने नील नाईलवर आपले महाधरण बांधावयास घेतले व २०२० पासून ते भरू लागले. इथिओपियाच्या गरिबाच्या घरीही दिवा लागला पाहिजे, आणि इजिप्तच्या शेतालाही पाणी पोचले पाहिजे. वरचा वाफा आणि खालचा वाफा हा तंटा आता देशादेशांत आला आहे.

तेथील कॉप्टिक ख्रिस्ती लोक अद्याप जुन्या इजिप्ती महिन्यांच्या नावांचे पंचांग पाळतात. जून ते ऑक्टोबर, म्हणजे पूर्वीच्या पुराच्या दिवसांत, त्यांच्या उपासनेत नदीचे पाणी चढावे म्हणून प्रार्थना असते. पूर येईनासा झाल्यावरही ती वगळलेली नाही.