धाक आणि अधिकार

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ही दोन्ही निषिद्ध ठरविली. छडीबरोबर आपला अधिकारही गेला, अशी खंत काही शिक्षक व्यक्त करतात. या खंतीत धाक आणि अधिकार यांची गल्लत आहे. धाक शिक्षकाची पाठ वळताच संपतो. अधिकार त्याच्या अनुपस्थितीतही टिकतो. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडणाऱ्या साने गुरुजींचा अधिकार या दुसऱ्या जातीचा होता. मात्र असा अधिकार एकेका मुलाला ओळखण्यातून येतो, आणि त्यासाठी सवड लागते. याच कायद्याने प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही घालून दिले आहे. ६० मुलांपुढे शिक्षकाला एकटे सोडून त्याच्याकडे केवळ संयम मागणारा समाज आपलाच निम्मा शब्द मोडतो. आणि त्याची किंमत अखेर मूलच चुकविते.