दुधाळ पाण्यातले तेल

भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये लेथ सुरू झाली की टूलवर दुधाळ पाण्याची धार पडू लागते. हे कूलंट. त्यात खनिज तेल असते, पण बोटावर घेतले तरी ते वेगळे दिसत नाही. इमल्सिफायरने त्याचे बारीक थेंब करून पाण्यात पक्के बसवलेले असतात. हे मिश्रण फुटू नये, यातच त्याचा गुण. कूलंट खराब होऊन टाकायची वेळ आली, की हाच गुण आडवा येतो.

१५० मायक्रॉनचा थेंब मिनिटाला सहा-सात सेंटिमीटर वर चढतो, त्याचा तवंग काढता येतो. पण थेंबाचा व्यास दहापट घटला की वेग शंभरपट घटतो, हा स्टोक्सचा नियम. एका मायक्रॉनच्या थेंबाला अगदी स्थिर पाण्यातही अर्धा सेंटिमीटर चढायला दिवस लागेल. त्यात साऱ्या थेंबांवर ऋण प्रभार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीने इमल्शन फुटते खरे, पण तेलकट गाळ उरतो. नदीत सोडायच्या पाण्यात तर लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल-ग्रीस चालत नाही.

तेल किती बारीक होऊ शकते, याचा एक जुना दाखला आहे. १७७४ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात बेंजामिन फ्रँकलिनने लिहिले, की लंडनजवळच्या तळ्यावर चमचाभर तेल अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, पसरले. हिशेब केला तर त्या थराची जाडी दोन-तीन नॅनोमीटर भरते. तेल त्या मापापर्यंत पसरत असेल, तर त्याला धरणारेही त्याच मापाचे असावे, हे मला पटते.

मॅग्नेटाइटच्या दहा-वीस नॅनोमीटरच्या कणांवर धन प्रभाराचे आवरण चढवले, की ते थेंबांना चिकटतात. बाहेरून चुंबक लावला की ते थेंबांसकट भांड्याच्या कडेला ओढले जातात आणि पाणी नितळते. खरी करामत त्यापुढची आहे. चुंबक दूर केला की एवढ्या लहान कणांत चुंबकत्व उरत नाही. धुऊन ते पुन्हा वापरता येतात.

अशा प्रयोगांत किती टक्के तेल निघाले, हा आकडा नेहमीच ठळक छापला जातो. मी त्याआधी विचारीन, की दर खेपेला किती कण पाण्यातच राहिले? नदीत गेलेल्या कणाला परत ओढायला तिथे चुंबक नसतो. आणि कण धुतलेले तेलकट द्रावक शेवटी कोणत्या नाल्यात गेले?